ठाण्यात झाडओळखीची वाट आखताना

झाडओळखीची फेरी आखायची म्हटली की सगळ्यांना आधी जंगल आठवते. ठाण्याला तर येऊर दाराशीच आहे. तरीही आम्ही सुरुवात केली ती पाचपाखाडीतल्या कचराळी तलावापासून आणि तिथून नौपाड्याकडे जाणाऱ्या गल्ल्यांपासून. रोज ज्या झाडाखालून जाणे-येणे असते, ते बाराही महिने बघता येते. आणि एखादे झाड बारा महिने बघितल्याशिवाय ते ओळखीचे झाले असे म्हणता येत नाही. येऊरला दिवाळीत एकदा आणि शिमग्याला एकदा गेलेल्या माणसाला दोन निराळी जंगले दिसतात. दोन्ही वेळा आपण त्याच ऐनाच्या झाडाखाली उभे होतो, हे त्याला उमगत नाही.

वाट ठरवताना काही गोष्टी आधीच पक्क्या केल्या. लांबी दीड किलोमीटरच्या आत. झाडे तीसपेक्षा जास्त नाहीत आणि त्यांत जाती वीस-बावीस, म्हणजे नेहमीच्या काही जाती दोनदा येतील, एकदा कोवळ्या वयात आणि एकदा जुन्या. प्रत्येक झाडाच्या बुंध्यापर्यंत पोचता आले पाहिजे आणि निदान एक फांदी डोळ्यांच्या उंचीवर हवी. ही शेवटची अट फार कामाची आहे. चाळीस फुटांवरचे पान दुर्बिणीतून दिसते, पण त्याचा वास घेता येत नाही, मागची बाजू चाचपता येत नाही, देठाशी काय आहे ते कळत नाही. सुंदर पण हाताला न लागणारी बरीच झाडे आम्ही यादीतून काढली. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूचीही काढली, कारण पंधरा माणसांना घेऊन गोखले रोडसारखा रस्ता चारदा ओलांडण्यात सगळी सकाळ जाते.

पहिल्या पाहणीला बरोबर घ्यायचे सामान थोडेच: दहापट मोठे दाखवणारे भिंग, शिंप्याची टेप, एक छोटी पट्टी, पांढरा जाड कागद, पुठ्ठ्याची वही आणि पेन्सिल. पेनने लिहिलेले श्रावणातल्या एका सरीत वाहून जाते. वहीत प्रत्येक झाडाला एक पान. त्यावर क्रमांक, जागा, बुंध्याचा घेर, पानाची रचना, साल, चीक किंवा वास, फुले-फळे आणि अगदी तळाशी नाव. नावाची ओळ पहिल्या फेरीत कोरी सोडायची, हा आमचा सगळ्यात महत्त्वाचा नियम. नाव एकदा लिहिले की डोळे त्या नावाला जुळणारेच शोधतात आणि न जुळणारे गाळतात. आधी वर्णन पुरे करायचे, नाव शेवटी.

घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजतात, म्हणजे साडेचार फुटांवर, साधारण छातीच्या उंचीला. उतारावरचे झाड असेल तर चढाच्या बाजूने उंची धरायची. त्या उंचीवर गाठ किंवा फुगवटा आला तर त्याच्या जरा वर मोजून तशी नोंद करायची. बुंधा त्याखालीच दुभंगला असेल तर दोन्ही खोडे स्वतंत्र मोजायची. पारंब्या बुंध्याशी एकजीव झालेल्या वडाचा घेर मोजून विशेष काही हाती लागत नाही. घेरावरून वय काढण्याचा मोह मात्र टाळावा. पाणी मुबलक मिळालेला वर्षावृक्ष थोड्या वर्षांत अवाढव्य होतो आणि काँक्रीटने गळा आवळलेले बकुळीचे झाड अनेक वर्षे तेवढेच राहते.

आता पान. झाडओळखीतले निम्मे काम इथे होते आणि निम्म्याहून अधिक चुकाही इथेच.

पहिला प्रश्न: पान कुठून कुठपर्यंत? कडुनिंबाचे 'पान' म्हणून आपण जे चैत्रात गुळाबरोबर खातो ती खरे तर पर्णिका, म्हणजे पानाचा एक तुकडा. पूर्ण पान म्हणजे ती सगळी पिसासारखी काडी. हे ठरवायची खात्रीची खूण आहे कळी. पानाचा देठ फांदीला जिथे जोडलेला असतो, त्या बेचक्यात एक बारीक कळी किंवा कोंब असतो. पर्णिकेच्या बुडाशी तो कधीच नसतो. संशय आला की भिंग लावून कळी शोधायची, आणि कळी सापडली तिथून पान सुरू होते. ही एक सवय लागली की साधे पान आणि संयुक्त, म्हणजे अनेक पर्णिकांचे, पान यांतला गोंधळ बहुतेक संपतो.

दुसरा प्रश्न: पाने फांदीवर समोरासमोर आहेत, एकाआड एक आहेत, की एका पेरावर, म्हणजे फांदीवर पाने फुटतात त्या सांध्यावर, तीन किंवा अधिक गोल मांडलेली? हे फांदीच्या टोकाला बघू नये. टोकाला पेरे इतकी जवळ येतात की एकाआड एक असलेली पानेही झुबक्यात दिसतात. फांदीच्या मधल्या भागात, जिथे पेरे मोकळी आहेत तिथे बघावे.

तिसरा प्रश्न देठाजवळचा. पान गळून पडल्यावर फांदीवर गोल कडे उमटते का? कडे आणि पांढरा चीक दोन्ही असले तर आपण वडाच्या गणात आहोत: वड, पिंपळ, उंबर, पायर, नांद्रुक. समोरासमोरची साधी पाने आणि दोन देठांच्या मधोमध छोटी उपपर्णे, म्हणजे देठाच्या बुडाशी येणारे पानासारखे बारीक भाग, दिसली तर कदंब, हेदू, कळंब, बारतोंडी यांच्याकडे वळायचे. एका पेरावर सातच्या आसपास पाने आणि चीक असेल तर सातवीण. एकाच टोकातून हाताच्या बोटांसारख्या पर्णिका फुटल्या असतील तर सावर, पांढरी सावर किंवा जंगली बदाम. तीन पर्णिका असल्या की लोक लगेच पळस म्हणतात, पण पांगारा, बेल आणि वायवर्णा यांनाही तीनच. बेलाला काटे असतात आणि चुरगळलेल्या पानाला वास येतो. पांगाऱ्याच्या फांद्यांवर छोटे काळसर काटे असतात. पळसाच्या पर्णिका जाड, चरबरीत, आणि बाजूच्या दोन तिरक्या असतात.

चीक पाहायला झाडावरचे पान तोडायची गरज नाही. वाऱ्याने नुकतेच पडलेले हिरवे पान देठाशी मोडले तरी चीक दिसतो. हात लगेच पुसावा आणि डोळ्याला लावू नये. खाडीकाठी तर चिकाची परीक्षा करूच नये. तिथे हुरी नावाचे झाड आहे, त्याचा पांढरा चीक डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते.

खाली पडलेल्या पानाबद्दल एक सावधगिरी. ते शेजारच्या झाडाचे असू शकते. शहरात झाडे एकमेकांत घुसून वाढतात, आणि पिंपळ किंवा वड दुसऱ्याच झाडाच्या खोबणीत रुजलेला असतो. फांदीवर दिसणारे पान आणि जमिनीवरचे पान जुळते का, हे आधी बघायचे. बांडगुळही असेच फसवते. आंब्यावर मधेच जाडसर, वेगळ्या रंगाच्या पानांचा झुबका आणि नळीसारखी नारिंगी फुले दिसली तर आंब्याला फुले आली असे समजू नये. फांदीवर जिथे हा झुबका सुरू होतो तिथे गाठ असते, ती शोधावी.

पावसाळ्याआधी महापालिका फांद्यांची छाटणी करते. त्यानंतर फुटलेल्या धुमाऱ्यांची पाने नेहमीच्या दुप्पट मोठी, पातळ आणि कधी कधी आकारानेही वेगळी असतात. पुस्तकातली मापे त्यांना लावली तर ओळख हमखास चुकते. जून ते सप्टेंबर या काळात छाटलेल्या झाडाचे मोजमाप करू नये, किंवा न छाटलेली फांदी शोधून तिचेच पान घ्यावे. तीच गोष्ट रोपट्यांची. सागाच्या कोवळ्या रोपाचे पान जुन्या सागाच्या पानाच्या कितीतरी पट मोठे भरते.

ठाण्याच्या रस्त्यांवर सर्वाधिक गोंधळ होतो तो दोन जोड्यांत. पहिली गुलमोहर आणि सोनमोहर. फुले असताना कुणालाही कळते: एक लाल, एक पिवळा. फुले नसताना, म्हणजे वर्षातले बहुतेक महिने, दोघांचीही पाने दुहेरी पिसांची (मधल्या काडीला उपकाड्या आणि त्यांवर पर्णिका), बारीक पर्णिकांची, आणि लांबून सारखीच. अशा वेळी तीन ठिकाणी बघायचे. गुलमोहराच्या पानाच्या बुडाशी, फांदीला चिकटून, दोन छोटी पिसे असतात. ती त्याची उपपर्णे. सोनमोहराला तशी पिसे नसतात. उलट त्याचे कोवळे कोंब आणि कळ्या तांबूस मखमलीने झाकलेल्या असतात. तिसरी खूण शेंगांची आणि तीच सगळ्यात सोपी: गुलमोहराची शेंग हातभर लांब, लाकडासारखी, काळपट, महिनोन्महिने झाडावर लटकलेली. सोनमोहराची शेंग बोटाएवढी, चपटी, दोन्ही टोकांना निमुळती, तांबड्या रंगाची, आणि झुपक्यात. झाडाखाली फक्त मान खाली घालून चालले तरी हे दोघे वेगळे होतात.

दुसरी जोडी वर्षावृक्ष आणि शिरीष. वर्षावृक्षाला सगळे रेन ट्री म्हणतात. मूळचा अमेरिकेच्या उष्ण भागातला, आणि आपल्या रस्त्यांवर छत्रीसारखा पसरलेला. शिरीष इथलाच. दोघांची पाने संध्याकाळी मिटतात, त्यामुळे ती खूण उपयोगाची नाही. वर्षावृक्षाच्या पर्णिका तिरक्या चौकोनी, पानाच्या टोकाकडे मोठ्या होत जातात आणि शेवटची जोडी सगळ्यात मोठी. शिरीषाच्या पर्णिका लांबट आणि जवळजवळ एकसारख्या. वर्षावृक्षाची शेंग काळी, मांसल, आत गोड चिकट गर असलेली, आणि ती फुटत नाही. तिच्यावरून चाललेल्या चपला चिकटतात. शिरीषाची शेंग कागदासारखी पातळ, पेंढ्याच्या रंगाची, आणि पानगळीनंतर नागड्या झाडावर वाऱ्याने वाजणारी. माघात एखादे झाड आवाजावरून ओळखायचे असेल तर ते हे.

कडुनिंब, बकाण निंब आणि महारुख ही तिकडीही यादीत हवी. कडुनिंबाचे पान एकेरी पिसाचे, पर्णिका विळ्यासारखी वाकलेली आणि करवती. बकाणाचे दुहेरी किंवा तिहेरी पिसाचे, आणि पाने गळल्यावरही पिवळी फळे घोसांनी टिकलेली. महारुखाचे पान कधी कधी हातभर, पर्णिकांना ओबडधोबड मोठे दाते. अशोकाच्या बाबतीत तर बहुतेकांना आयुष्यभर दुसरेच झाड अशोक म्हणून दाखवलेले असते. सोसायटीच्या भिंतीलगत उंच, सरळ, खाली झुकलेल्या लांब नागमोडी पानांचे जे झाड आहे तो आसुपालव, त्याची पाने साधी. खरा सीता अशोक बुटका, पसरट. त्याचे पान संयुक्त, चार ते सहा जोड्यांचे, आणि कोवळी पाने तांबूस, मलूल लोंबत असतात. वाटेवर दोन्ही असतील तर एकामागोमाग एक दाखवावेत.

फुलांवर विसंबून वाट आखू नये, पण फुलांचे वेळापत्रक वहीत जरूर असावे. फाल्गुनात सावर, पळस, पांगारा. मार्चमध्ये कोशिंबाची लालभडक कोवळी पालवी, जिला दुरून लोक फुले समजतात. एप्रिल-मेमध्ये बहावा, गुलमोहर आणि ताम्हण, जे महाराष्ट्राचे राज्यपुष्प. पावसाळ्यात सागाचे मोहोर आणि कदंबाचे गोळे. पावसाळा सरल्यावर बुचाची पांढरी फुले पहाटे फुटपाथवर, आणि सातविणीचा तो उग्र वास, जो काहींना आवडतो आणि काहींचे डोके उठवतो. प्रत्येक झाडाच्या पानावर बारा चौकटी आखल्या आणि दर महिन्याला त्यात नवी पालवी, फुले, कच्चे फळ, पिकले फळ, पानगळ यांच्यासाठी एकेक अक्षर लिहिले. एवढ्यानेच वहीचे रूप बदलते. नाव आम्ही तेव्हाच पक्के धरतो, जेव्हा दोन वेगवेगळ्या ऋतूंतल्या खुणा एकाच जातीकडे बोट दाखवतात.

मोबाइलमधल्या ॲपबद्दल. गूगल लेन्स किंवा आयनॅचरलिस्ट यांचा उपयोग होतो, पण त्यांना काय दाखवले यावर उत्तर अवलंबून असते. एका पानाचा, तोही पार्श्वभूमीला दहा झाडे असलेला फोटो दिला की उत्तर भलतेच येते. पाच फोटो घ्यावेत: लांबून पूर्ण झाड, बुंध्याची साल, पाने फांदीला कशी जोडलीत ते दाखवणारी डहाळी, पानाची मागची बाजू, आणि फूल किंवा फळ. डहाळीमागे पांढरा कागद धरावा, शेजारी पट्टी ठेवावी. आयनॅचरलिस्टवर नोंद टाकताना रस्त्यावरचे लावलेले झाड 'लागवड केलेले' असे नोंदवणे जरुरीचे, नाहीतर ते रानटी वाढ म्हणून नकाशांत जाते आणि पुढच्या अभ्यासकाची दिशाभूल होते. ॲपने सुचवलेले नाव वहीत पेन्सिलने, प्रश्नचिन्हासह. पक्के नाव फक्त खुणा जुळल्यावर.

शहरातली वाट हाताशी आल्यावर येऊरची. उपवन तलावाच्या पुढे चढ सुरू होतो आणि जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, त्यामुळे वनखात्याच्या परवानगीशिवाय आत फिरणे नाही. गट नेण्यापूर्वी वनकार्यालयात जाऊन वेळ, माणसांची संख्या आणि मार्ग लेखी कळवावा. उजाडल्यावर शिरावे आणि ऊन चढण्याआधी बाहेर पडावे. बिबट्याचा वावर आहे, म्हणून माणसांनी एकत्र राहावे, लहान मुले मध्ये. पान, फळ, बी, काहीही उचलून आणायचे नाही. कागदावर चित्र काढावे.

येऊरला जायचा उत्तम काळ लोक हिरवाईचा समजतात. आमच्या मते पहिली फेरी पावसाळ्यानंतर लगेच आणि दुसरी फेब्रुवारी-मार्चमध्ये, पानगळीत, व्हावी. पाने नसताना साल बोलू लागते. ऐनाची साल काळपट, खोल चिरांनी चौकोन पडलेली, मगरीच्या पाठीसारखी. त्याच्याच गणातला अर्जुन ओढ्याकाठी, साल गुळगुळीत, पांढुरकी, पापुद्रे सुटणारी. दोघांच्याही फळांना पाच पंख असतात, त्यामुळे फळावरून घाई नको. पान असेल तर उलटे करून देठाजवळ बघावे, ऐनाला मधल्या शिरेच्या बुडाशी दोन बारीक ग्रंथी चाचपून लागतात. भुत्या म्हणजे कांडोळ. त्याची पांढरी, कागदी पापुद्र्यांची साल चांदण्यात लांबून दिसते, म्हणून हे नाव. सावरीचे शंकूसारखे काटे कोवळ्या खोडावर ठळक असतात, पण जुन्या खोडावर बुजलेले असतात. काटा नाही म्हणून सावर नाही, असे म्हणू नये. सागाचे कोवळे पान बोटांत चोळले की लालसर रंग उतरतो. हे शहरातल्या सागावर करून दाखवावे, जंगलात नाही.

कुड्याची जोडी येऊरमध्ये नीट शिकता येते. दोघांची पाने समोरासमोर, दोघांना चीक, दोघांना जोडीने लोंबणाऱ्या लांब शेंगा. पांढऱ्या कुड्याच्या दोन शेंगा टोकाशी मोकळ्या. काळ्या कुड्याच्या दोन शेंगा पिकेपर्यंत टोकाशी चिकटलेल्या, त्यामुळे लांबट फास दिसतो. फुलात बघायचे तर काळ्या कुड्याच्या फुलाच्या मधोमध झालर असते, पांढऱ्याला ती नसते.

पाड्यांवरच्या वारली मंडळींना विचारायला संकोच करू नये. "मावशी, ह्याला तुमच्याकडे काय म्हणतात?" एवढे विचारले की नावाबरोबर त्या झाडाचा उपयोगही कळतो. ते नाव जसे उच्चारले तसेच वहीत लिहावे. पुस्तकी नाव त्याच्या जागी लिहू नये, शेजारी लिहावे. एकच नाव दोन गावांत दोन झाडांना असते, म्हणून तिसऱ्या ओळीत शास्त्रीय नाव. गुलमोहर म्हणजे डेलोनिक्स रेजिया, सोनमोहर म्हणजे पेल्टोफोरम टेरोकार्पम. ही नावे पाठ करायची गरज नाही, पण वहीत हवीत.

हिवाळ्यात येऊरच्या वाटांवर खाजकुयलीच्या तपकिरी मखमली शेंगा वाळतात आणि त्यांची कुसळे वाऱ्यावर उडतात. पूर्ण बाह्यांचा शर्ट, लांब पँट. अंगावर पडलीच तर चोळू नये. चिकटपट्टी लावून अलगद काढावीत, मग पाण्याने धुवावे.

खाडीची वाट अगदीच वेगळी विद्या आहे. ऐरोलीला वनखात्याचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथे कांदळवनातून जाणारी लाकडी वाट असल्याने चिखलात न उतरता झाडे जवळून दिसतात. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झाले आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर क्षेत्राचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. येणारे बहुतेक जण फ्लेमिंगोंसाठी येतात. आम्ही गेलो ते मुळे बघायला, आणि त्यासाठी ओहोटी हवी.

वेळ काढायचा कोकणातला जुना हिशोब आजही चालतो: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनला भरती, पहाटेही आणि दुपारीही. त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे सकाळी सव्वानऊच्या सुमारास. ऐरोली खाडीत आत असल्याने पाणी मुंबईच्या किनाऱ्यापेक्षा थोडे उशिरा वळते. सकाळच्या फेरीला तृतीया-चतुर्थी सर्वात सोयीची: ओहोटी सकाळी येते आणि पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाचा जोर अजून टिकून असल्याने पाणी चांगले खाली जाते. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराला येते आणि भांगामुळे, म्हणजे त्या दिवसांतल्या कमी जोराच्या भरती-ओहोटीमुळे, पाणी फारसे हटतही नाही. त्या दिवशी मुळांचे दर्शन अर्धवट होते. केंद्राच्या वेळा आणि तिकीट आदल्या दिवशी विचारून घ्यावे.

ठाणे खाडीत सगळ्यात जास्त तिवर. चिखलातून वर आलेली पेन्सिलीसारखी श्वसनमुळे, समोरासमोर पाने, पानाची मागची बाजू पांढुरकी. पानावर जीभ लावली तर खारट लागते, पण खाडीचे पाणी बघता ही परीक्षा न केलेली बरी. उन्हात पानावर मिठाचे कण भिंगाने दिसतात. कांदळाची मुळे खोडापासून कमानीसारखी खाली येतात आणि बी झाडावरच रुजून लांब काठीसारखे लटकते. चिपीची श्वसनमुळे तिवरापेक्षा जाड, शंकूच्या आकाराची. पांढरी चिपी हा २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे. मारांडी झुडूपच, काटेरी कडांच्या पानांचे, जांभळट-निळ्या फुलांचे. हुरीची पाने एकाआड एक आणि गळण्याआधी लाल होतात. तिथे मुळे आणि पानांची मांडणी यांवरच ओळख होते, साल फारशी उपयोगी पडत नाही.

वाट तयार झाली की पाट्या लावायची घाई होते. रस्त्यावरच्या झाडांना पाटी लावायचीच नाही, असा आमचा निर्णय. खिळा ठोकणे तर मुळीच नाही. त्याने सालीखालचा वाढणारा थर फुटतो आणि जखमेतून बुरशी व कीड शिरते. घट्ट तार किंवा नायलॉनची दोरी बांधली तर खोड जाड होत जाते, दोरी आत रुतते आणि अन्नरसाचा मार्ग आवळला जातो. सोसायटीच्या आवारात पाटी हवीच असेल तर बुंध्यापासून हातभर लांब जमिनीत छोटा खांब रोवावा, मुळे चुकवून. सार्वजनिक झाडांसाठी महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते. शहरी झाडांना १९७५ च्या राज्य कायद्याचे संरक्षण आहे आणि ५० वर्षांवरील झाडांना २०२१ च्या दुरुस्तीने वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला आहे.

पाट्यांऐवजी छापील नकाशा केला. मोबाइलचे जीपीएस उंच इमारतींमध्ये पाच-दहा मीटर सरकते, तेवढ्यात ओळीतले एक झाड दुसऱ्याच्या नावावर जाते. म्हणून प्रत्येक क्रमांकासोबत शब्दांत ठिकाण लिहिले: गेटला पाठ करून उभे राहिल्यावर डाव्या हाताचे तिसरे. दुकानाचे नाव खूण म्हणून लिहू नये, दुकाने बदलतात.

माणसे नेताना बारा ते पंधरा. त्याहून जास्त झाली की मागच्यांना फक्त पुढच्यांच्या पाठी दिसतात. दोन तासांत वीस झाडे पुरतात, आणि सकाळी सात ही वेळ उन्हाळ्यात पाळावीच. झाडाशी पोचल्यावर नाव सांगू नये. आधी दहा पावले लांब उभे राहून आकार बघायला सांगावा, मग साल, मग पान, मग खाली पडलेले काय ते. नाव विचारणारा असतोच, त्याला थोडे थांबायला सांगावे. मुलांना रंगीत खडू आणि कागद दिले की सालीचा ठसा उमटवण्यात ती रमतात, आणि ऐन व अर्जुन यांतला फरक मोठ्यांपेक्षा आधी त्यांच्या लक्षात येतो. जोराचा वारा आणि पाऊस असेल तर फेरी रद्द. जून-जुलैत फांद्या कोसळतात, आणि पोकळ बुंध्याच्या गुलमोहराखाली कधीही घोळका उभा करू नये.

दर पावसाळ्यानंतर नकाशा तपासावा लागतो. काही झाडे पडलेली असतात, काही तोडलेली, काहींभोवती नवे काँक्रीट आलेले. गेलेल्या झाडाचा क्रमांक दुसऱ्याला द्यायचा नाही. तो तसाच ठेवून पुढे 'पडले' आणि महिना-वर्ष लिहायचे, नव्या झाडाला यादीच्या शेवटचा पुढचा क्रमांक. नाहीतर जुन्या वह्यांतल्या बारा चौकटींचा नव्या झाडाशी मेळ बसत नाही. खुंट राहिला असेल तर तोही बघत राहावे: सोनमोहराच्या आणि पळसाच्या खुंटाला पावसात धुमारे फुटतात, आणि त्या धुमाऱ्यांची मोठी पाने कशी वेगळी दिसतात, हे दाखवायला त्याहून चांगली जागा वाटेवर दुसरी मिळणार नाही.